सभासद क्रमांक २१२ यांचे मत

माझ्याच कादंबऱ्या मी वर्गणी भरून वाचनालयातून घरी नेत असे. आता सांगायला हरकत नाही. लाज वाटण्याचं वय गेलं आणि लाज वाटावी इतकी नावं ठेवणारं माणूसही उरलं नाही.

मी यज्ञेश्वर हरदास, श्रीरामपुरातल्या एका हायस्कुलात लेखनिक. दिवसभर शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे, जन्मतारीख बदलून मिळत नाही हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन 'समर विक्रांत' व्हायचं. हे नाव मी घेतलेलं नाही. पुण्याचे आमचे प्रकाशक आप्पासाहेब म्हणाले होते, "हरदास नावाच्या माणसानं खून घडवला तर वाचक प्रसादाची वाट बघतील." म्हणून समर विक्रांत.

मालिकेचं नाव 'जादा चौकी'. एक मोठं शहर, त्यात माणसांच्या जोडीला इतरही राहतात. फ्लॅट बांधायला पिंपळ तोडला म्हणून बेघर झालेला मुंजा, चोरी डोळ्यांनी पाहिलेली पण कोर्टात उलट्या पावलांनी चालत येणारी हडळ, चौकातली वाहतूक सांभाळणारा वेताळ. ज्यांची तक्रार कुठल्याच ठाण्यात घेत नाहीत ते जादा चौकीत येतात आणि फौजदार गाडेकर तपास करतात. त्यांच्या हाताखाली हवालदार कानिफनाथ. हा चौथ्या भागाच्या शेवटी बंदोबस्ताला गेला आणि तिथंच मारला गेला. पाचव्या भागापासून तो भूत होऊन ड्यूटी करतो. रजा मागत नाही, भत्ता मागत नाही. लोकांना गाडेकरांपेक्षा तोच जास्त आवडला, आणि साहेबलोकांना तर आवडणारच.

अकरा वर्षांत छत्तीस भाग झाले. प्रत्येक भाग बरोबर एकशे अठ्ठावीस पानांचा, कारण आप्पासाहेबांच्या छापखान्याला तेवढाच कागद परवडे. ही मालिका मी लिहितो हे श्रीरामपुरात फक्त माझ्या बायकोला, लीनाला ठाऊक होतं, आणि ती कोणाला सांगायला जाणार नव्हती.

आता वाचनालयाचं. रंगनाथनं स्टेशन रोडला एका गाळ्यात ते काढलं होतं. 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी त्यानं आधी लावली. लोकांनी पाटीवरच लिहिलं. मग त्यानं हात टेकले आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी कागद डकवला. वर शिक्का: 'मत येथेच लिहावे. सभासद क्रमांक घालावा. शिव्या नकोत.' तेव्हापासून आमच्या गावात पुस्तक मागून पुढे वाचायची पद्धत पडली. आधी कागद बघायचा, मग पुस्तक न्यायचं का ते ठरवायचं.

मी दर गुरुवारी जायचो तो त्या कागदासाठी. पुण्याहून भेटीच्या प्रती यायच्या, त्यांची सुतळीही मी कधी सोडली नाही. लिहिताना एकदा भोगलेलं पुन्हा कोण वाचणार? पण कागद मात्र अधाशासारखा वाचायचो. '१०४: एक नंबर.' '६६: हडळीचे वर्णन वाढवावे.' '१९: झोप लागली, त्याबद्दल आभार.' '६६: पुन्हा सांगतो, हडळ.' असलं काहीतरी असायचं. तरीही कोणीतरी शेवटच्या पानापर्यंत पोचलं, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

कधी कागद कोरा दिसला की मी स्वतःच लिहायचो. अक्षर डावीकडे झुकवून. '५७: अत्युत्कृष्ट. लेखकाला पोलीस खात्याचे सखोल ज्ञान आहे.' सभासद ५७ म्हणजे मीच.

त्र्याण्णव साली त्याच्याखाली बारीक, सरळ अक्षरात पहिल्यांदा उत्तर आलं. 'सभासद ५७ यांनी पुस्तक वाचलेले दिसत नाही. पान ४१ वर पंचनाम्याला एकच पंच आहे. दोन लागतात. — २१२.'

मी घरी आलो ते तोंड पाडूनच. लीना म्हणाली, "कोण गेलं?"

त्यानंतर २१२नं पाठ सोडली नाही. हवालदाराच्या फिती चुकल्या, गाडेकरांनी वॉरंट नसताना कुलूप फोडलं, साक्षीदार भूत असला तरी अंगठा घेतल्याशिवाय जबाब पुरा होत नाही, सगळं पान क्रमांकासकट. मला वाटलं, निवृत्त पोलीस दिसतोय, घरी सूनबाई विचारत नसेल. मी त्याच्यावर जळायचो आणि पुढचा भाग लिहिताना त्याच्या धाकानं दोन पंच घालायचो. खरं सांगायचं तर छत्तिसाव्या भागापर्यंत मी एकट्या त्याच्यासाठीच लिहीत होतो. बाकीचे केबलवर गेले होते.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर आप्पासाहेबांचं पत्र आलं. 'पॉकेटबुकं आता रद्दीवालेही मोजून घेत नाहीत. सदतिसावा भाग शेवटचा. गाडेकरला मारा. मरण खपतं.'

वाचून वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त खूप झोप आली. अकरा वर्षं दुसऱ्यांची भुतं नाचवून मी इतका दमलो होतो की एक माणूस मारून सुटका होत असेल तर माझी ना नव्हती. मी शेवट ठरवून टाकला. गाडेकरांना गोळी लागते, चौकीला कुलूप लागतं, आणि पायरीवर कानिफनाथ एकटा उभा. शेवटचं वाक्य: 'हवालदार कानिफनाथ अजून ड्यूटीवर आहे.' आप्पासाहेबांना ते कळवलं तर ते इतके खूश झाले की तेच वाक्य त्यांनी जाहिरातीत छापून टाकलं. एकशे अठरा पानं लिहून झाली. दहा राहिली.

त्या गुरुवारी छत्तिसावा भाग परत आला होता. २१२ नं लिहिलं होतं: 'हवालदार कानिफनाथ चौथ्या भागात, पान १२८ वर बंदोबस्ताला गेले. स्टेशन डायरीत रवाना अशी नोंद आहे. परत आल्याची नोंद छत्तीस भागांत कुठेही नाही. हे पाचव्यांदा विचारत आहे. लेखकाने उत्तर द्यावे.'

"रंगनाथ, हा दोनशे बारा आहे तरी कोण?" मी विचारलं.

"सभासदाचं नाव सांगत नसतो आपण."

"अरे, मला खात्यातल्या माणसाला दोन गोष्टी विचारायच्यात."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "कार्ड हवालदार सहादू पगारे यांच्या नावावर आहे. रेल्वे लाइनच्या पलीकडे, पिठाच्या गिरणीमागं. पण हरदास, जरा जपून बोला."

जपून कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रविवारी सकाळी मी मनातल्या मनात भांडण घोकत निघालो. म्हणे लेखकाने उत्तर द्यावे! भूत कधी डायरीत नोंद करतं का हो, असं त्याला तोंडावर विचारायचं ठरवलं होतं. कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं पोरं लोंबकळत होती आणि मळीच्या वासानं माझं डोकं उठलं होतं.

दार विशीतल्या एका मुलीनं उघडलं. मी म्हटलं, "पगारे हवालदार आहेत का?"

तिनं बाजूला होऊन आत हात केला. समोरच्या भिंतीवर गणवेशातल्या माणसाचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार.

आता जीभ चावून काय उपयोग? फोटोखाली सतरंजीवर एक बाई गोधडी शिवत बसल्या होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "या भाऊ, बसा. उनाचं आलाय. दीपा, पानी आन."

"मी... वाचनालयात येतो. सभासद सत्तावन."

सुई थांबली. "सत्तावन? न वाचता लिव्हनारे?"

"आई!" दीपा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही हायस्कुलातले हरदास सर ना? माझा दाखला तुम्हीच लिहिलाय. तुमचा सात मी तेव्हाच ओळखला होता. शेपूट वर जाते त्याची."

इतकी वर्षं अक्षर झुकवत होतो, आणि सातानं घात केला. मी पाणी प्यायलो.

हळूहळू कळलं ते असं. सहादू पगारेंना या कादंबऱ्यांचा नाद होता. ते गेले तीन वर्षांपूर्वी. जत्रेच्या बंदोबस्ताला निघालेली गाडी घाटात उलटली. भिमाबाईंना वाचता येत नाही. नवऱ्याचं कार्ड बंद करायला म्हणून दीपा वाचनालयात गेली आणि कार्ड बंद न करता एक पुस्तक घेऊन आली. तेव्हापासून दीपा वाचते, भिमाबाई गोधडी शिवत ऐकतात, आणि चुका त्या काढतात. तीस वर्षं पोलिसाचा संसार केल्यावर पंच किती लागतात हे काय कोणी शिकवावं लागतं?

"पण बाई, त्या डायरीचं एवढं काय?" मी विचारलं. "गोष्टीतला हवालदार तो. सुटून गेलं असेल लेखकाकडून."

भिमाबाईंनी गोधडी बाजूला सारली.

"ऐका भाऊ. आमचे मालक ड्यूटीवरनं कदी थेट घरी आले न्हाईत. किती बी उशीर हू द्या, आंगात ताप असू द्या, आदी ठान्यात जायाचं. डायरीला परत म्हून लिव्हायचं, मंग घर. मी भांडायची, का वो, ठानं काय पळून जातंय का? तर म्हनायचे, परत लिव्हल्याबिगर मी ड्यूटीवरच हाय, भिमा. घरात बसलो तरी ड्यूटीवरच." त्या फोटोकडे न बघता बोलत होत्या. "त्या दिशी पाच वाजता गेले. मंग दवाखान्यातनं थेट घरी आनलं त्यास्नी. पेन्शनच्या कागदाला आमी ठान्यात गेल्तो. तिथल्या मानसानं डायरी वाचून दाखवली. तेराशे सत्तेचाळीस, बंदोबस्ताला रवाना. फुडं काईच न्हाई."

"तेराशे सत्तेचाळीस?"

"बक्कल नंबर त्यांचा. ठान्यात नावानं कोन हाक मारतंय?"

"तुम्ही नोंद करायला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. लई चांगली मानसं हुती, च्या पाजला. म्हनले, मावशी, मेलेला मानूस परत आला असं कसं लिव्हावं? कायद्यात बसत न्हाई. त्यांचं बी खरंच हाय. मला कळतं भाऊ, मी येडी न्हाई. मानूस गेला, मातीत गेला. पन सांज झाली का वाटतं, आजून बंदोबस्ताला उबं हायेत. पाय दुखत असतील. कोन सोडायला जानार त्यास्नी?"

दीपा दाराकडे तोंड करून उभी होती.

"आन मंग ह्या पुस्तकात तो कानिफ निगाला," भिमाबाई म्हणाल्या. "मेला तरी ड्यूटी करतोय. बाकीच्यांला हासू येतं. मला म्हटलं, हा लिव्हनारा जानता दिसतोय. त्याला ठावं असंल ह्यातनं मानूस कसा सुटतो. म्हून इचारतीया. ठान्याच्या डायरीत बसत न्हाई, पन त्याची डायरी तर त्याच्याच हातात हाय ना? त्यानं लिव्हलं तर त्याला कोन अडवनार हाय?"

जाणता! त्या 'रवाना'च्या पोरक्या ओळीमागं ना विचार होता, ना जाण. मला आठवेना सुद्धा की मी चौथ्या भागाच्या शेवटी काय लिहिलं होतं.

निघताना दीपा गल्लीच्या तोंडापर्यंत आली. हळूच म्हणाली, "सर, पुढचा भाग शेवटचा आहे. जाहिरात पाहिली मी. 'अजून ड्यूटीवर आहे.' आईला वाचून दाखवलेलं नाही."

"बरं केलंस."

"लेखकाचा पत्ता मिळेल का कुठं?"

मी चप्पल नीट करण्याचा बहाणा केला. "बघतो," म्हटलं.

घरी आल्याबरोबर माळ्यावरून भेटीच्या प्रतींचा गठ्ठा काढला. सुतळी सुटेना, कापली. चौथा भाग. पान एकशे अठ्ठावीस. कानिफनाथ टोपी घालतो, गाडेकर डायरीत 'रवाना' लिहितात, आणि खाली 'समाप्त'. मी तिथंच शिडीवर बसलो. मला आता लख्ख आठवलं. मी त्यापुढे दोन परिच्छेद लिहिले होते. पहाटे कानिफनाथचं भूत चौकीत येतं, गाडेकर त्याला ओळखतात आणि काही न विचारता 'परत' असं लिहितात. पानं भरली म्हणून छापखान्यानं ते कापले. आप्पासाहेबांनी कळवलं नाही, आणि मी अकरा वर्षं माझं पुस्तक उघडून पाहिलं नाही. ५७ यांनी पुस्तक वाचलेले दिसत नाही! बाई, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर बोलला होतात.

लीनाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग लिहा की. एवढं कापलं होतं ते परत लावायचंय."

एवढं सोपं नव्हतं. माझ्या अंगात त्राण नव्हतं, आणि ते एक वाक्य सोडून देताना मला फार जड गेलं, हेही खरं. अकरा वर्षांत तेवढंच एक बरं वाक्य जमलं होतं. दोन आठवडे मी शाळेतून येऊन नुसता कागदासमोर बसलो. शेवटी दहा पानं लिहिली. त्यात गोळी नाही, पाठलाग नाही. सकाळ होते. गाडेकर चहा पीत बसलेत. कानिफनाथ पायरीशी येऊन नेहमीसारखा थांबतो. गाडेकर म्हणतात, आत या. बसा. पाय दुखत असतील. मग ते अकरा वर्षांपूर्वीची डायरी कपाटातून काढायला लावतात, त्या जुन्या नोंदीखाली तारीख घालतात, वेळ घालतात, नाव आणि बक्कल नंबर घालतात आणि लिहितात: 'बंदोबस्ताहून परत. ड्यूटी संपली. घरी सोडले.' कानिफनाथ सलाम करतो आणि जातो. गाडेकर चहा संपवतात. संपली कादंबरी.

बरोबर पत्र जोडलं: 'हा शेवट जसाच्या तसा छापावा. पानं जास्त झाली तर पुढून कापा. शेवटाला हात लावू नये.'

आप्पासाहेबांचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'गाडेकर मेला नाही. जाहिरातीतलं वाक्य नाही. तुम्हाला म्हातारचळ लागला आहे, पण मालिका संपतेच आहे तर छापतो.'

फेब्रुवारीत सदतिसावा भाग वाचनालयात आला. पहिले दोन गुरुवार मी कागद पाहिला. '१०४: बोगस शेवट.' '१९: मारामारी कुठे आहे?' '६६: हडळ शेवटी आलीच नाही. निषेध.' मला फरक पडला नाही असं म्हणणार नाही. पडला. पण मी वाट वेगळ्याच मताची पाहत होतो, आणि मग पुस्तक २१२ कडे गेलं ते तीन आठवडे परतच येईना.

शेवटी एका गुरुवारी रंगनाथनं पुस्तक काउंटरवर ठेवलं. वर एक जुनं, कडा झिजलेलं कार्ड होतं.

"पगारेंची पोरगी देऊन गेली," तो म्हणाला. "कार्ड बंद केलं. म्हणाली, आई म्हणते आता पुरे."

मी कागद उलटला. तेच बारीक, सरळ अक्षर.

'पान १२७. हवालदार कानिफनाथ यांचा बक्कल नंबर पहिल्या भागापासून ८१२ आहे. इथे १३४७ पडला आहे. ही चूक आहे. दुरुस्त करू नये. — २१२.'

मी ते किती वेळ वाचत होतो कोण जाणे. मागं कोणीतरी पुस्तक बदलायला उभं होतं, ते खाकरलं. माझा एकुलता एक वाचक गेला होता. मला आनंद झाला आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला त्या गाळ्यात जागा नव्हती.

रंगनाथनं पेन पुढं केलं. कागदावर तळाशी एकच ओळ शिल्लक होती. "सत्तावन, तुमचं मत राहिलंय या वेळी. दर वेळी तर पहिलं तुमचंच असतं."

"अजून वाचलेलं नाही," मी म्हटलं. "वाचून लिहितो."

त्यानं तारखेचा शिक्का मारला आणि मी पुस्तक घरी घेऊन गेलो.